“बाबा, आपलं घर बिबट्याच्या घरावर आहे का?”

“मॅडम, कार्टूनच तर होतं. त्यात एवढं घाबरण्यासारखं काय असतं?” मी मुलांचं समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. मूल टीव्हीवर बोलणाऱ्या प्राण्यांचा सिनेमा बघतं, त्यात जंगल तुटतं, एखाद्या पिल्लाची आई नाहीतर बाबा मरतात, आणि पुढे कितीतरी रात्री मूल दचकून उठतं. मग घरात दोन शंका निघतात. आपलं मूल जरा जास्तच हळवं आहे का? आणि असलं काही दाखवणं बंदच करून टाकावं का?

एका सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगते. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला छकुली म्हणू.

छकुली ठाण्याची, घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये राहणारी. बाल्कनीतून येऊरचे डोंगर दिसतात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच, बोरिवलीच्या जंगलाचीच, ठाण्याकडची बाजू. सुट्टीतल्या एका दुपारी तिने आजीबरोबर ‘दिल्ली सफारी’ पाहिला. निखिल अडवाणींचा हा २०१२ सालचा ॲनिमेशनपट, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. मुंबईच्या याच जंगलात बुलडोझर घुसतात, युवी नावाच्या बिबट्याच्या पिल्लाचे बाबा मारले जातात, आणि उरलेले प्राणी दाद मागायला दिल्लीला संसदेकडे निघतात. माणसांशी बोलणार कोण, म्हणून माणसांची भाषा येणाऱ्या एका पोपटाला उचलून सोबत नेतात. गाणी आहेत, माकडाच्या मर्कटलीला आहेत, सिनेमा मुलांसाठीच केलेला आहे.

त्या दिवसापासून छकुली रात्री उठून आईबाबांच्या खोलीत यायला लागली. सकाळी पोटात दुखतं म्हणायची. संध्याकाळी बाबांना यायला उशीर झाला की दारातून हलायची नाही. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आईने टीव्हीवरची सगळी प्राण्यांची कार्टून बंद केली. बाबा म्हणाले, “अगं, ते खोटं असतं, चित्रं असतात ती.” त्यावर छकुलीने विचारलं, “मग बोरिवलीचं जंगल पण खोटं आहे का?” याला घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग ते तिला माझ्याकडे घेऊन आले. मी आईबाबांशी आधी वेगळं बोलले. ते सांगत असताना एक गोष्ट सहज निघाली: बाबा सिव्हिल इंजिनिअर आहेत, बांधकामाच्या साइटवर असतात. त्यांनी ती ओळख म्हणूनच सांगितली, पण माझ्या डोक्यात ती राहिली.

मुलांना “तुला कशाची भीती वाटते?” असं समोर बसवून विचारलं तर बहुतेक वेळा “माहीत नाही” एवढंच हाती लागतं. म्हणून छकुलीला मी सिनेमाची गोष्ट सांगायला लावली आणि हातात खडू दिले. तिने छान रंगवून सांगितली, प्राण्यांचे आवाजसुद्धा काढून दाखवले. युवीचे बाबा मेले तिथे थांबली. पुढे? “पुढे मी आत गेले. उशीत तोंड घातलं.” म्हणजे प्राणी दिल्लीला निघाले, पोचले, पोपट बोलला, यातलं काहीच तिने पाहिलं नव्हतं. तिच्यापुरता सिनेमा बाप मेला तिथेच संपला होता. घाबरलेली मुलं नेमकी सर्वांत वाईट क्षणी उठून जातात आणि तोच क्षण घेऊन झोपतात. आपण मात्र धरून चालतो की त्यांनी पूर्ण बघितलं.

चित्रात एक पिवळा जेसीबी होता, बराच मोठा. त्याच्या शेजारी पिवळं हेल्मेट घातलेला माणूस. त्याला नाक-डोळे काहीच नव्हते. मी विचारलं, हे कोण? ती खडूचा कागद सोलत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “बाबा. पण ते तसे नाहीत.”

म्हणजे एकाच मुलीच्या पोटात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. युवीचे बाबा गेले तसे माझे बाबा जातील, ही एक. आणि बुलडोझर आणणारी माणसं माझ्या बाबांसारखी दिसतात, ही दुसरी. पहिली ती घरात थोडीफार दाखवत होती, दारात उभी राहून. दुसरी बोलायची सोयच नव्हती, कारण बोलली तर बाबांना वाईट वाटणार. सात वर्षांचं मूल आईबाबांना असं सांभाळून घेतं, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

टीव्ही आणि मुलांची भीती या विषयावर अमेरिकेतल्या जोआन कॅन्टर यांनी अनेक वर्षं संशोधन केलं. त्यांचं एक निरीक्षण मला रोजच्या कामात उपयोगी पडतं. अगदी लहान मुलं दिसण्याला घाबरतात: राक्षसाचे दात, मोठा आवाज. त्यांना जवळ घेतलं, लक्ष दुसरीकडे वळवलं की बरंचसं निभावतं. मूल सात-आठ वर्षांचं व्हायला लागलं की भीती “हे खरंच होऊ शकतं का” इकडे सरकते. याच वयात मरण म्हणजे परत न येणं, हेही नीट कळू लागतं. अशा मुलाला “ते खोटं असतं” सांगून उपयोग होत नाही, कारण त्याची भीती जेवढ्या भागाला आहे तेवढा भाग खरा असतो. बिबटे बोलत नाहीत, दिल्लीला जात नाहीत. जंगलाला लागून इमारती मात्र उभ्या आहेत. छकुली हळवी होती का? असेल. पण तिचा हिशोब चुकलेला नव्हता, आणि हे मला तिच्या आईबाबांना आवर्जून सांगायचं होतं.

बाबांना ते चित्र दाखवायला छकुली तयार झाली. ते बराच वेळ कागद हातात धरून बसले. मी त्यांना आधी एवढंच सांगून ठेवलं होतं की सफाई देऊ नका, ती विचारेल तेवढंच आणि खरं सांगा. तिने विचारलं, “बाबा, आपलं घर बिबट्याच्या घरावर आहे का?” ते म्हणाले, “आपल्या बिल्डिंगच्या जागी आधी काय होतं ते मी शोधून सांगेन. पण या डोंगराच्या आसपास पूर्वी जास्त झाडं होती, हे खरं आहे.” मग विचारलं, “तुम्ही झाडं तोडता?” ते म्हणाले, “माझ्या साइटवर तोडावी लागली आहेत. त्यासाठी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आधी झाडावर नोटीस लावतात, कुणाला पटलं नाही तर हरकत घेता येते.” छकुलीला नोटिशीची गोष्ट फारच आवडली. झाड स्वतः बोलत नाही, पण त्याच्या अंगावर कागद असतो आणि आपण बोलू शकतो, हे तिला पटलं. बाप खोटं बोलला नाही आणि खलनायकही ठरला नाही. माझ्या मते तिला बरं वाटायला खरी सुरुवात तिथे झाली.

सिनेमाचं काय करायचं, हा आईचा प्रश्न होताच. मी म्हटलं, पूर्ण बघा. दिवसाउजेडी, बाबांच्या मांडीवर बसून, रिमोट छकुलीच्या हातात. नको वाटेल तिथे ती थांबवेल, पुढे ढकलेल. बाबा मरतात तो भाग तिने पुढे ढकलला, आणि त्यात काही बिघडलं नाही. पोपट बोलला तेव्हा मात्र तिने मागे घेऊन तो प्रसंग पुन्हा लावला.

पण तिथेच मला पुढचा धोका दिसला. पुढच्या भेटीत ती म्हणाली, “आपल्या इथल्या बिबट्यांकडे पोपट नाहीये. मग मलाच सांगायला पाहिजे ना?” हे ऐकायला गोड वाटतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तरीही सात वर्षांच्या मुलीवर जंगल वाचवायची जबाबदारी टाकायची नसते, तिने आपणहून उचलली तरी. कौतुकाच्या भरात पालक इथे “हो गं राणी, तूच वाचवणार” म्हणून जातात, आणि भीतीच्या जागी ओझं येतं. मी तिला सांगितलं की हे काम करणारी मोठी माणसं आहेत. वनखात्याचे लोक आहेत. जंगलात कॅमेरे लावून, अंगावरचे ठिपके बघून कुठला बिबट्या कुठला ते ओळखणारे अभ्यासक आहेत. उद्यानातल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बिबट्याच्या शेजारी राहणारे, वाघोबाला पुजणारे वारली लोक आहेत. मुंबईसारख्या शहराच्या मधोमध शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि बिबटे तिथे आजही राहतात, पिल्लं वाढवतात. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं, ते सगळे गेले.

“तू मोठ्यांना मदत करू शकतेस, जमेल तेवढी,” असं ठरलं. सोसायटीतल्या झाडांना नावांच्या पाट्या लावायचं तिने मनावर घेतलं. पर्जन्यवृक्ष, करंज, सोनमोहर. नावं आजीने सांगितली, बाबांनी पाट्या कापून दिल्या. अशा वयाला एवढंच काम पुरतं: हाताने करता येणारं, संध्याकाळी संपणारं, घरातल्या मोठ्यांबरोबरचं.

पोटदुखी लवकर थांबली. रात्री उठणं जायला वेळ लागला. बाबांना उशीर होणार असेल तर ते आधी फोन करून थेट तिलाच सांगतात, हे अजून चालू आहे आणि ते चालूच राहू दे असं मी म्हटलं आहे.

आता दुसरी शंका: असं दाखवावं की नाही? दाखवा. आधी आपण एकदा बघून घ्या, निदान गोष्ट तरी माहीत करून घ्या, आणि आई किंवा बाप मरण्याचा प्रसंग असेल तर शेजारी बसा, स्वयंपाकघरातून कान देऊन भागत नाही. मूल मध्येच उठून गेलं तर पुढे काय झालं ते त्याच दिवशी सांगा. घरात अलीकडे कुणी गेलं असेल किंवा मोठं आजारपण चालू असेल, तर असा सिनेमा काही महिने थांबला तरी चालेल. आणि झोप, जेवण किंवा शाळा दोन-तीन आठवड्यांनंतरही रुळावर येत नसेल, तर “होईल आपोआप” म्हणत बसू नका. जवळच्या समुपदेशकाकडे जा, ते जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.