काहिलीपाशी उभी राहा, मग पीएचडीचं ठरव

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे आणि पॉलिमरमधल्या पीएचडीचा ध्यास सुटत नाही, हे समजलं. पैशाचं आधी बोलू. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ या वरच्या टप्प्याचे ४२,०००. घरी कर्जाचा हप्ता असेल तर हे गणित आईवडिलांसमोर बसून मांड.

आता पॉलिमरचं. आपल्याकडच्या गुऱ्हाळात उसाच्या रसात भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते. तो भेंडीचा चिकट रस म्हणजे पॉलिमरच. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या गढूळ कण धरून ठेवतात. रस आटत जातो तसा गुळव्या थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतो. काहील उतरवायला जरा उशीर झाला की गूळ करपला.

हे बघत मोठा झालो, तरी चुकलो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मिथाइल मेथाक्रिलेट या द्रवाचं बल्क पॉलिमरायझेशन, म्हणजे द्रावक न घालता त्याच्या साखळ्या जोडणं, लावून मी चहाला गेलो. परतलो तर फ्लास्कमध्ये बुडबुड्यांनी भरलेला दगड, त्यात थर्मामीटर रुतलेला. वाढत्या साखळ्यांची दोन टोकं भेटली की त्यांची वाढ थांबते; मिश्रण दाटलं की ती टोकं एकमेकांना भेटेनाशी होतात. अभिक्रिया थांबण्याऐवजी वेग घेते, आणि नेमकी तेव्हाच उष्णता बाहेर पडत नाही. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. उष्णता जाणार कुठून, हा केमिकल इंजिनिअरचा पहिला प्रश्न, तोच विचारायचा राहिला. ही चूक वेळेसकट वहीत लिहिली. थीसिसचं दुसरं प्रकरण त्यातूनच निघालं.

विषयाबद्दल. साखरेपासून लॅक्टिक ॲसिड, त्यापासून पीएलए हे प्लास्टिक, हे आपल्या ऊसपट्ट्याला साजेसं आहे. पण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि शेतात टाकलं तर सहजी कुजत नाही. त्याला औद्योगिक कंपोस्टची ऊब लागते. ‘पर्यावरणपूरक’ एवढ्या शब्दावर प्रस्ताव लिहू नकोस, या दोनांपैकी एक अडचण धर.

पुण्याची एनसीएल प्रयोगशाळा, मुंबईची आयसीटी की आपलं शिवाजी विद्यापीठ, यावर फार अडू नकोस. गाइडच्या विद्यार्थ्यांना एकेकटं गाठून विचार: रिऑमीटरवर (पदार्थ कसा वाहतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) नंबर किती दिवसांनी लागतो, मसुदा किती आठवड्यांनी परत येतो, आधीचा विद्यार्थी किती वर्षांत मोकळा झाला?

रविवारी घरी ये. शिफारसपत्र लिहून ठेवतो. विषयाचं एक पान तू लिहून आण, पेन्सिलीनं.

तुझा,
सर