वाचकांचे प्रश्न : बारा तासांचे अंतर आणि सिंगापूरमधले पहिले दिवस

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसनला राहतो. जूनअखेर मुलांच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे सिंगापूरला जाणार आहोत. सोबत माझी आई आहे. तिचे वय ६८ असून ती मधुमेहाच्या गोळ्या घेते. न्यूयॉर्कहून रात्री निघणारे थेट विमान घेतले आहे, ते तिथे पहाटे उतरते. भावाने पहिल्याच रात्री नाइट सफारी (रात्री पाहायचे प्राणिसंग्रहालय) आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सेंटोसा हे सहलीचे बेट असा बेत आखला आहे. हे जमेल का? विमानात आईला झोपेची गोळी द्यावी का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : भावाचा उत्साह मी समजू शकतो, तरीही हे दोन्ही बेत चौथ्या-पाचव्या दिवसावर ढकलावेत, असे मी आग्रहाने सांगेन. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आणि सिंगापूर यांच्या वेळेत नेमके बारा तासांचे अंतर असते. म्हणजे घड्याळाचे काटे फिरवावे लागत नाहीत, पण शरीराचा दिवस आणि रात्र पूर्ण उलटतात. मेंदूतले जैविक घड्याळ दिवसाला साधारण तासा-दीड तासानेच सरकते, त्यामुळे पूर्ण जुळवून घ्यायला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. बहुतेकांना हे घड्याळ पुढे ओढण्यापेक्षा मागे रेंगाळू देणे, म्हणजे झोपेची वेळ उशिरावर नेणे, सोपे जाते, म्हणून बारा तासांच्या फरकात ही मागे नेण्याची वाट धरावी.

ती धरण्याचे मुख्य साधन म्हणजे उजेड. शरीराचे तापमान नेहमीच्या जागे होण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सर्वांत खाली जाते. एडिसनला सकाळी सातला उठणाऱ्या माणसाचा हा क्षण पहाटे साडेचारच्या सुमारास येतो आणि सिंगापूरला उतरल्यावर तोच दुपारी साडेचारला येतो. या क्षणाआधी मिळालेला उजेड घड्याळाला मागे नेतो, नंतरचा उजेड पुढे ढकलतो. म्हणून पहिले दोन दिवस सकाळी उशिरापासून दुपारी चारपर्यंत बाहेर राहावे आणि साडेचारनंतर पडदे ओढलेल्या खोलीत यावे. बाहेर असाल तर सूर्यास्तापर्यंत गडद चष्मा लावावा. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपासच मावळतो, त्यामुळे हे गणित सोपे आहे. भर उन्हात तळपायची गरज नाही, कारण झाडाखालचा उजेडही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट अधिक असतो. आईसाठी बोटॅनिक गार्डन्स ही उत्तम जागा आहे. २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेली ही बाग पहाटे पाचलाच उघडते, सावली भरपूर आहे आणि बसायला बाकेही आहेत.

दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान डोळ्यांवर सर्वांत जोरकस पेंग येईल. चारनंतर अंधाऱ्या खोलीत येऊन तासभर झोपावे, पण गजर लावूनच. मुलांना दोन तास झोपू दिले तर रात्री ती टक्क जागी राहतील. पहिली रात्र थकव्याच्या भरात बहुधा बरी जाते, मात्र दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दोन-तीनला जाग येऊन कडकडून भूक लागते, कारण एडिसनमध्ये तेव्हा भरदुपार असते. अशा वेळी दिवे मंद ठेवावेत, दूध-बिस्किटासारखे हलके खावे आणि मोबाइल दूर ठेवावा. त्या रात्री मुलांवर चिडू नये, कारण त्यांच्या हातात काही नसते. सेंटोसाच्या रांगांत उभे राहण्याइतकी ताकद या रात्रींनंतर आईच्या अंगात उरणार नाही, म्हणूनच तो बेत पुढे ढकलायला सांगतो आहे.

आता झोपेच्या गोळीविषयी. अठरा तासांहून अधिक वेळ चालणाऱ्या प्रवासात ती आईला देऊ नये. गोळी घेऊन माणूस तासन्‌तास निश्चल पडून राहतो आणि चार तासांहून लांबच्या प्रवासात पायातल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. वयानुसार तो आणखी वाढतो. जागा मार्गिकेलगतची घ्यावी, तासा-दोन तासांनी उठवून चालवावे, बसल्या जागी टाचा-चवडे उचलून पोटऱ्या हलवायला सांगावे. पोटऱ्यांवरच्या दाब देणाऱ्या मोज्यांविषयी डॉक्टरांचे मत घ्यावे. विमानातील हवा अतिशय कोरडी असते, म्हणून पाणी पाजत राहावे. शिवाय झोपेच्या आणि मनःशामक काही गोळ्या सिंगापूरला नेण्यासाठी तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

मधुमेहाच्या गोळ्यांचे वेळापत्रक मात्र स्वतः ठरवू नका. निघण्याची आणि उतरण्याची वेळ दोन्ही ठिकाणच्या घड्याळांप्रमाणे कागदावर लिहून डॉक्टरांकडे जा आणि कोणती गोळी किती तासांनी व कोणत्या जेवणाबरोबर घ्यायची, हे लिहूनच घ्या. औषधे हातातल्या पिशवीत असावीत. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांच्या आवारात, मिळणारा चहा म्हणजे 'तेह' बहुधा साखर घातलेल्या आटवलेल्या दुधाचा असतो; आईसाठी 'तेह सी कोसोंग' मागावा, म्हणजे बिनगोडी दुधाचा, साखर नसलेला चहा मिळतो. दुपारनंतर मात्र चहा-कॉफी सर्वांनीच टाळावी. ओळखीच्या चवीसाठी लिटल इंडियातील सेरंगून रोडवर १९४७ पासूनचे कोमला विलास आहे. तिथली इडली अनोळखी शहरातल्या पहिल्या सकाळी पोटाला फार बरी वाटते. उतरताना मुलांचे कान दुखतात म्हणून च्युइंग गम मात्र सोबत घेऊ नका. १९९२ पासून तिथे त्याच्या आयातीवर बंदी आहे. त्याऐवजी गोळ्या-चॉकलेट किंवा पाण्याचे घोट चालतील.

प्रश्न : मुंबईहून सिंगापूरला जाताना जेट लॅग होतो का? मागच्या वेळी मला दोन दिवस अगदी गळून गेल्यासारखे झाले होते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : भारत आणि सिंगापूर यांच्या वेळेत अडीच तासांचेच अंतर आहे. ते दोन-तीन दिवसांत भरून निघते. तुम्हाला जाणवला तो बहुतांशी अपुऱ्या झोपेचा परिणाम. मुंबईहून रात्री अकराच्या पुढे सुटणारे विमान साधारण साडेपाच तासांत पोचते, म्हणजे तिथे सकाळ झालेली असते आणि तुमच्या शरीरासाठी मात्र पहाटेचे चार-पाच वाजलेले असतात. त्यातून पुण्याहून विमानतळापर्यंतचा रस्त्याचा प्रवास आधीच झालेला असतो. हॉटेलची खोली सहसा दुपारी दोन-तीननंतरच मिळते, आणि तोवर बॅगा सांभाळत फिरल्याने माणूस आणखी थकतो. शक्य असल्यास दिवसाचे विमान घ्या, कारण संध्याकाळी उतरून थेट झोपता येते. रात्रीचेच घ्यावे लागले, तर आदल्या रात्रीपासूनची खोली आरक्षित करून पहाटे पोचणार असल्याचे हॉटेलला आधी कळवा. एका रात्रीचे भाडे अधिक जाते, पण ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी ही काटकसर करू नये.