पुरुषाचं हिमोग्लोबिन 11.8 आलं तर बीट-डाळिंब खाऊन वाढेल का?

वाढेल थोडंफार, पण मुळात कमी का झालं ते आधी बघा. बायकांना 12 पर्यंत चालतं, पुरुषाचं 13 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमियाच. आपल्याला ना पाळी, ना बाळंतपण. मग लोह जातं कुठं? अशा वेळी पहिला संशय पोटातून रक्त जाण्याचा घ्यावा.

आमची तासगावकडं द्राक्षबाग आहे. ऐन छाटणीत वडील बांधावर बसून राहायला लागले, चार पावलांत दम. रिपोर्टात 9.2. थोरले चुलते म्हणाले, "गड्याला कसलं रक्त कमी हुतंय? ते बायकांचं दुखणं. बेदाणा खायला घाल." बेदाणा आमच्या घरात पोत्यानं असतो, वडील जन्मभर खात आलेत! मी कुणाचं न ऐकता त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "गोळ्या कसल्या चालू आहेत?" गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, रोज. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, तेही वडिलांनी तिथंच पहिल्यांदा सांगितलं. दुर्बीण घातली, जठरात अल्सर निघाला, रक्त तिथूनच जात होतं. ती गोळी बंद, अल्सरचं औषध, लोहाच्या गोळ्या. आकडा जागेवर आल्यावरही शरीरातला साठा भरावा म्हणून लोह तीनेक महिने चालूच ठेवलं. चुलते अजून चारचौघांत सांगतात, बेदाण्यानं रक्त भरलं. बेदाण्यानं अल्सर बरा होत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

तुमच्या रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बघा. 80 च्या खाली असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, 100 च्या वर असेल तर व्हिटॅमिन बी12, शाकाहारी असाल तर नक्कीच. एमसीव्ही कमी पण फेरिटिन चांगलं, असं असेल तर थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषाची तपासणी विचारा. त्यात उगाच लोह खाऊन उपयोग नाही. लोह अंगी लागावं म्हणून जेवणात लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. आणि मूळव्याधीतूनही रक्त जातं, ती असेल तर लाजून लपवू नका, घरातल्या थोरल्यांना विचारत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा.

मी डॉक्टर नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, त्यामुळं गोळ्या चालू असतील तर तेवढ्यावरून घाबरू नका. फेरिटिन मात्र अंगात ताप असताना तपासू नका, तेव्हा ते खोटंच वाढलेलं दिसतं.