घराचं रंगकाम चालू आहे. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या खिडकीला पडदे लावावेत की ब्लाइंड्स?

अस्तर लावलेला जाड कापडी पडदाच लावा. मी पडदे शिवण्याचं काम करते, आणि दुपारच्या उन्हात खरा फरक अस्तरानेच पडताना पाहिला आहे. अस्तर पांढरं किंवा अगदी फिकट हवं: काचेतून आलेलं ऊन ते बरंचसं परत बाहेर फेकतं, गडद अस्तर मात्र ते शोषून खोलीतच तापतं. मापं अशी घ्या:

- कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो.
- रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना 15-20 सेंमी पुढे, म्हणजे कडेची फट झाकली जाते.

सुती कापड शिवायला देण्याआधी भिजवून वाळवा, ते आटतं. ही पायरी कृपया टाळू नका. स्वयंपाकघराला मात्र हे लागू नाही. ओट्यावरच्या खिडकीला, गॅसजवळ, लोंबता पडदा धोक्याचा. तिथे गॅसपासून लांब राहील असा, पुसता येणारा आखूड रोलर ब्लाइंडच बरा. आणि बेडरूमला बाल्कनी असेल तर बाहेरून बांबूची चिकही लावा, ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडतं.