चाळीतला कांदा आणि सातवीचं गणित

प्रश्न: बाई, माझी मुलगी सातवीत आहे. नुसते आकडे दिले की शेकडेवारी झटपट सोडवते, पण शाब्दिक उदाहरण आलं की "यात गुणायचं की भागायचं?" विचारत बसते. घरी सराव कसा घ्यावा? आमच्याकडे कांदा आणि थोडी द्राक्षं आहेत.
— एक पालक, निफाड तालुका

उत्तर: घरात कांदा आहे ना, मग सरावाचं पुस्तक विकत आणू नका. तिला हे गणित घाला. समजा, एप्रिलमध्ये क्विंटलला 1200 रुपये भाव आहे. कांदा न विकता चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला. सप्टेंबरपर्यंत सड आणि घट मिळून 25 टक्के वजन गेलं. आता कोणत्या भावाने विकला तर एप्रिलइतकेच पैसे हातात येतील?

बहुतेक मुलं 1200 चे 25 टक्के 300 काढतात आणि 1500 सांगून मोकळी होतात. लगेच "चूक" म्हणू नका. "बरं, 1500 ने विकून बघ," म्हणा. क्विंटलमागे 75 किलोच उरलेत. 15 रुपये किलोने त्याचे 1125 झाले. 75 रुपये कुठे गेले? हे तिलाच शोधू द्या, संध्याकाळ गेली तरी चालेल. 1200 रुपये आता 75 किलोंतून उभे करायचेत, म्हणजे किलोला 16, क्विंटलला 1600. माल पाव भाग गेला, पण भाव एक तृतीयांशाने वाढायला हवा. पंचवीस टक्के नेमके कशाचे, हे एकदा तिच्या हाताला लागलं की शेकडेवारीची भीती बरीच ओसरते.

गुणायचं की भागायचं, ते मात्र सांगू नका. उदाहरण वाचून झालं की पुस्तक मिटायला लावा आणि तिच्या शब्दांत विचारा: आधी काय होतं, मग काय झालं, शोधायचंय काय? उत्तर 1200 च्या वर येईल की खाली, हेही आधीच वदवून घ्या. "एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी" ही शिकवण मला अजिबात मान्य नाही. "दादाने 18 क्रेट भरले, ते ताईपेक्षा 5 ने जास्त आहेत, तर ताईचे किती?" यावर अशी मुलं बिनदिक्कत 23 लिहितात.

द्राक्षांचंही एक देते. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. वेली 9 बाय 5 फुटांवर लावल्या तर गुंठ्यात किती? 24.2 येतं. पाव वेलही होत नाही, म्हणून 24 धरून 40 ने गुणलं की एकरात 960. पण एकराचे 43,560 चौरस फूट थेट 45 ने भागले तर 968. आठ वेली कुठे हरवल्या, यावर तिच्याशी बोला. आणि बांध, वाट सोडून बागेत खरोखर किती वेली बसल्या, ते तिला आजोबांकडून विचारून येऊ द्या.

प्रश्न: आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये फ्लॅटमध्ये राहतो, शेती नाही. पाचवीतल्या मुलाला काय द्यावं?

उत्तर: पाऊस द्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. 3 चौरस मीटरच्या उघड्या गॅलरीत 20 मिलिमीटर पडला तर 15 लिटरच्या किती बादल्या? पुरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते बघायला सगळे गोदाकाठी निघतात, तेव्हा पुढचं गणित घाला. गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. 1000 क्युसेक सोडलं, तर तुमच्या गच्चीवरच्या 1000 लिटरच्या टाकीसारख्या किती टाक्या एका सेकंदात भरतील? आधी त्याला अंदाज सांगू द्या, मग वही उघडा.