‘द सब्स्टन्स’ बघताना मला चक्कर आली, बाकीचे हसत होते. मी मनाने कमकुवत आहे का?

तुम्ही लिहिलंय की पाठीला टाके घालतात त्या प्रसंगाला तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तुम्ही उठून बाहेर आलात आणि मित्र अजून चिडवतात. एकाच सिनेमाला कोणी हसतं, कोणी रडतं, कोणी पडतं, असं का, आणि राहिलेला भाग बघावा का, असंही विचारलंय.

कमकुवत नाही आहात. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण मला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही.

मलाही नेमकी तिथेच चक्कर आली. मी, दादा आणि वहिनी असे तिघं गेलो होतो. दादाला भयपटांचा भारी नाद, त्यानेच आग्रह केला होता. नायिका एलिझाबेथची पाठ उलते आणि तिच्यातून तिचंच तरुण रूप, स्यू, बाहेर येते, तो भाग मी नीट बघितला. घाण वाटली, पण बघितला. मग स्यू सुई-दोरा घेऊन एलिझाबेथची पाठ शिवायला बसली आणि माझे तळहात गार पडले. कानात घूं घूं सुरू झालं, पडदा लांब लांब जायला लागला. मी डोळे मिटून घेतले, पण या सिनेमात डोळे मिटून भागत नाही, कारण कातडीतून सुई जाण्याचा आवाज अगदी कानाशी येतो. पुढचं आठवतं ते वहिनीचा हात माझ्या मानेवर आणि माझं डोकं गुडघ्यांत. पलीकडून दादाचा आवाज: “अगं, रबर आहे ते सगळं!”

रबर आहे हे मला माहीत होतं. त्याच रबराच्या कामाला २०२५ मध्ये रंगभूषेचं ऑस्कर मिळालं. पण माहिती डोक्यात असते आणि चक्कर रक्तवाहिन्यांत येते.

पहिली लस घेताना मी अशीच पडले होते. आईही पडायची. घरात यावर एकच उपाय सांगितला जायचा, “मन घट्ट कर”, आणि सगळ्यात जास्त दादाच सांगायचा. पुढे एकदा रक्त तपासायला दिलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. कुत्र्याची, उंचीची भीती वाटते तेव्हा छाती धडधडते आणि धडधडतच राहते, त्यात माणूस सहसा पडत नाही. रक्त, सुई, जखम यांचं वेगळं असतं. आधी रक्तदाब आणि ठोके वर जातात आणि मग एकदम खाली येतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस आडवा होतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे येतं, म्हणून लगेच शुद्धही येते. शंभरात तीन-चार जणांना ही भीती तीव्र असते आणि ती बऱ्याचदा घराण्यात चालत येते. मी आईकडून घेतली, दादाने नाही घेतली. यात त्याची कर्तबगारी ती काय?

आणि “अंग सैल सोड, शांत हो” हा सल्ला तर इथे उलटाच पडतो. आधीच घसरलेला दाब सैल पडून वर कसा येणार? लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात याच्या उलट पद्धत बसवली. हात, मांड्या, पोट दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचं, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडायचं, पण पूर्ण ढिलं पडायचं नाही. असं पाच वेळा. मी रोज सराव केला आणि आता सुई टोचून घेताना बसून राहते. सिनेमाच्या वेळी मात्र सुचलं नाही, कारण सुई येणार आहे हेच ठाऊक नव्हतं.

२०१६ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागात ‘रॉ’ हा भयपट दाखवला तेव्हा प्रेक्षक बेशुद्ध पडले आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली होती. तिथे येणारे लोक हौसेने असलेच सिनेमे बघायला येतात. ते काय भित्रे होते? त्याच विभागात २०२४ मध्ये प्रेक्षकांनी मतं देऊन ‘द सब्स्टन्स’ला पहिला आणला.

आता हसण्याबद्दल. मी त्या दिवशी बाहेर गेले नाही, पाणी पिऊन बसून राहिले, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं, कारण नाहीतर आरशाचा प्रसंग हुकला असता. (पुढचं वाचायचं नसेल तर हा परिच्छेद सोडा.) पन्नाशीला नोकरीवरून काढलेली एलिझाबेथ जुन्या वर्गमित्राला भेटायला निघते. लाल पोशाख घालते, तयार होते. दाराशी जाते, परत येते, ओठ रंगवते. पुन्हा जाते, पुन्हा येते, गळा झाकते. शेवटी दोन्ही हातांनी तोंडावरचा रंग ओरबाडून काढते आणि जातच नाही. रक्ताचा थेंब नाही. तोवर पाठ फाटताना खिदळणारं थिएटर तिथे गप्प झालं. वहिनीने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. दादाने मोबाईल काढला. बाहेर आल्यावर म्हणाला, तेवढा एक सीन उगाच लांबवलाय.

माझं स्पष्ट मत आहे की दादाला सिनेमा तिथेच लागला. पाठीतून माणूस निघाला तर हसून मोकळं होता येतं, कारण आपल्या पाठीतून कोणी निघणार नाही. आरशासमोर मात्र प्रत्येकजण उभा राहिलेला असतो. ज्याला जिथे लागतं तिथे तो वेगळं काहीतरी करतो. मी पडले, वहिनी रडली, त्याने फोन बघितला. मग त्यातलं माझंच तेवढं कमकुवतपण कसं?

तरीही दादाने ते पुढे कितीतरी वेळा चारचौघांत सांगितलं, “ही सिनेमा बघताना पडते.” मी गप्प राहिले. त्यानंतर काही महिन्यांनी त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. टाके मोजून चार, तेही बोटभर नाहीत. ड्रेसिंग बदलताना तो रोज भिंतीकडे तोंड फिरवायचा. वहिनी पुसायची, मी कापूस हातात द्यायचे, हो, मीच, मांड्या आवळून. आठवडाभर त्याने स्वतःच्या पोटाकडे बघितलं नाही. म्हणाला, हे माझं वाटतच नाही. आम्ही दोघी हसलो नाही, आणि आजवर कुणाला सांगितलंही नाही. इथे लिहिते आहे कारण तुमचे मित्र वाचतील, आणि दादाने वाचलं तरी चालेल. स्वतःचं अंग परकं वाटणं, हाच तर त्या सिनेमाचा विषय आहे, आणि त्याला तो माझ्यापेक्षा जास्त कळलेला आहे.

एक मात्र मान्य करते. सगळंच हसणं पळवाट नसतं. शेवटच्या भागात रक्ताचे फवारे प्रेक्षागृहभर उडतात, ते दिग्दर्शिका कोरली फार्जा यांनी मुद्दाम अतिरेकाला नेलंय आणि तिथे मीही हसले. तेव्हा तुमच्या मित्रांवर सरसकट राग धरू नका. शिवाय, सुई-रक्ताचा काही संबंध नसताना, उभ्या-उभ्या किंवा चालताना चक्कर येत असेल तर ती गोष्ट निराळी, डॉक्टरांना दाखवा.

राहिलेला सिनेमा बघा, पण घरी, आवाज कमी करून, पाय वर घेऊन. पाठीच्या कण्यातून द्रव काढायची सुई पुन्हा पुन्हा येते, तेव्हा आधीच अंग आवळून बसा. नाही जमलं तर आरशाचा प्रसंग तेवढा बघा. वहिनीने नंतर एकटीने तेवढाच बघितला, दोनदा.