झाकण्याआधी बोलावणारा ठेकेदार

इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा अन्नपूर्णा रोडवरच्या तुझ्या दुकानांच्या इमारतीसाठी आलेली तीन कोटेशने तू माझ्यापुढे ठेवलीस आणि ‘काका, सर्वांत स्वस्त घेऊ की सर्वांत नावाजलेले?’ असे विचारलेस. तेव्हा मी विषय बदलला, कारण प्रश्नच चुकला आहे हे तुझा थकलेला चेहरा पाहून सांगवेना. आज सांगतो.

रक्कम आणि नाव दोन्ही क्षणभर बाजूला ठेव. तिघांनाही एवढेच विचार की, जे काम झाकले जाणार आहे ते झाकण्याआधी मला बोलावशील का, आणि माझ्या इंजिनिअरची सही झाल्याशिवाय पुढे जाणार नाहीस असे करारात लिहून देशील का? पायाचा खड्डा, कॉलमची सळई, गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांवर एकदा काँक्रीट किंवा फरशी पडली की माणसाच्या शब्दापलीकडे आपल्या हाती काही उरत नाही.

१९९८ साली मी गोदाम बांधले, तेव्हा पायाचे काम चालू असताना दोन दिवस लग्नासाठी देवासला गेलो होतो. परत आलो तर खड्डे भरलेले. ‘मुरूम लागला होता, साहेब, तुमची वाट कशाला पाहायची,’ असे ठेकेदार म्हणाला आणि मी ते मानले. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया तिच्याखालच्या घट्ट मुरुमापर्यंत न्यायचा असतो, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, तिच्यात रुपयाचे नाणे उभे जात असे. शेवटी कोपऱ्यातला पाया उघडला, तेव्हा पहारेच्या टोकाला मुरूम नव्हे, नख रुतेल अशी काळी चिकट माती लागून आली. त्या ठेकेदाराइतकाच मला माझाही राग आहे, कारण त्याला मी आधी काही विचारलेच नव्हते.

तू म्हणालास की मधला माणूस फार नम्र आहे आणि त्याची जुनी कामे देखणी आहेत. अरे, गिलावा आणि रंग झाल्यावर कोणाचे काम देखणे दिसत नाही? त्याची पुरी झालेली इमारत पाहू नकोस, अर्धवट असलेली पाहा. शटरिंग नुकतेच काढलेल्या कॉलमच्या तळाशी काँक्रीट पोकळ राहून खडी उघडी पडली आहे का, सळई बाहेर डोकावते का, ते तिथे दिसते. त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, २८ दिवसांनी दाबून मजबुती तपासतात, ते निकाल मागून बघ. एम २५ या मजबुतीच्या काँक्रीटचे म्हणून पैसे घेणाऱ्याने ते दाखवायला कचरू नये.

कोटेशनांची तुलना तिघांना एकच बिल ऑफ क्वांटिटीज, म्हणजे कामांची आणि त्यांच्या मापांची यादी, देऊन कर, नाहीतर स्वस्त माणसाने खडकातली खोदाई धरलेलीच नसते. प्रत्येक बिलातून पाच टक्के रोखून ठेव आणि निदान एक पावसाळा उलटेपर्यंत सोडू नकोस. हा भाग तुझा सीएही सांगेल, म्हणून लांबवत नाही.

गोदामानंतरच्या माझ्या इमारतीच्या वेळी स्लॅबच्या दिवशी मी काँक्रीटची गाडी परत पाठवली, कारण कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखाली काँक्रीटला जागा ठेवणारे छोटे ठोकळे, न लावता सळई थेट साच्याच्या प्लायवर टेकवलेली होती. गाडीचे पैसे मलाच भरावे लागले, आणि घरात अजूनही ‘तेव्हा हट्ट केला नसता तर’ असे ऐकवतात. हट्ट होता हे मला मान्य आहे, परंतु ती सळई गंजून उद्या भाडेकरूच्या डोक्यावर पोपडे पडले असते, तर उत्तर मला द्यावे लागले असते. आजही मी ती गाडी परत पाठवीन. त्या ठेकेदाराने मात्र चूक मान्य केली, नंतरच्या प्रत्येक स्लॅबला आदल्या संध्याकाळी स्वतः फोन केला, आणि त्यानंतरची माझी दोन्ही कामे मी त्यालाच दिली.

तिघांपैकी जो झाकण्याआधी बोलावण्याचे कलम कुरकुर न करता लिहून देईल, त्याची चालू साइट आपण रविवारी सकाळी सात वाजता पाहू. कळवून जायचे नाही. टेप मी आणतो, तू पायांत बूट घालून ये.

तुझा,
काका